शाळेची समिती बिनविरोध नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एक छोटी बातमी होती. एका गावाने शाळा व्यवस्थापन समिती बिनविरोध निवडली, नव्या अध्यक्षांचा सत्कार झाला, गावाच्या एकोप्याचं कौतुक झालं. सोबत फोटो होता. मी तो दोनदा नीट बघितला. बारा-तेरा माणसं उभी होती आणि त्यांत बाई एकच, तीही अगदी कडेला. समितीत निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं कायदा सांगतो. बाकीच्या त्या दिवशी कुठे होत्या, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापावं ही विनंती.

बिनविरोध हा आपल्याकडे मानाचा शब्द आहे. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की खर्च वाचतो, भावकीत तेढ येत नाही, पाच वर्षं एकमेकांची तोंडं चुकवावी लागत नाहीत. ते मला पटतं. पण शाळेची समिती बिनविरोध होते तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं, की आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर चार माणसं बसली, एका कागदावर नावं लिहिली आणि सकाळी तो कागद शाळेत पोचला. ज्यांची लेकरं त्या शाळेत बसतात त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. विरोध नव्हता हे खरं, पण विरोध करायला तिथं होतं कोण?

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहते. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं मला रोज भेटतात, त्यांची बदनामी करायची नाही. मी शिवणकाम करते. बारावीपर्यंत शिकले आहे. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे, सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर, कधी कर्नाटकात. तिसरीत असताना दिवाळीनंतर दप्तर घरात खुंटीला अडकवून मी त्यांच्याबरोबर गेले ती पाडव्याला परत आले. दिवसभर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचं, संध्याकाळी उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या मोजायच्या. शाळेत परत गेले तेव्हा फळ्यावर भागाकार चालला होता आणि मला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला मागच्या ओळीत बसवलं आणि वर्ष संपेपर्यंत मी तिथंच बसले. पुढे आजीने हट्टाने मला गावात ठेवून घेतलं म्हणून शिकले. ही आजीची गोष्ट लक्षात असू द्या, तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

माझी मुलगी आमच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. दोन वर्षांपूर्वी ती तिसरीत होती. पहिली ते चौथीची शाळा, पटावर 74 मुलं, तीन शिक्षक. समितीची मुदत दोन वर्षांची असते. आमच्याकडे जुन्या समितीची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. जून गेला, पोळा झाला, दसरा झाला, पालकसभा काही लागली नाही. लागली ती नोव्हेंबरात. तोवर वस्तीवरचे ट्रॅक्टर भरून गेले होते. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे आमच्या भाषेत कोयते, दिवाळी होताच निघतात. तिसरीच्या वर्गातल्या 18 मुलांपैकी 11 मुलांचे आई-बाप उसाच्या फडात होते. त्यातल्या तिघांनी लेकरंही सोबत नेली होती. उरलेली आठ आजीपाशी.

सभेची सूचना एका वहीत लिहून मुलांच्या हाती फिरवली होती. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "मम्मी, उद्या समिती आहे, पण नावं झाली म्हणे." नावं झाली! मी त्याच संध्याकाळी यादी मिळवली. बारा नावं होती, त्यातली पाच बायकांची. त्या पाचही जणींकडे मी गेले. एक वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "तुमचं नाव समितीत आहे, ठाऊक आहे का?" त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आसंल बाई. मागल्या बारीला बी व्हतं. सही ह्येनीच केली." पाचांपैकी चौघींना पत्ता नव्हता. पाचवीला माहीत होतं, कारण तिचा नवरा रोजगार सेवक आहे.

आणि अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव ठरलं होतं त्या भाऊंची मुलगी आमच्या शाळेत नव्हतीच. ती रोज सकाळी पिवळ्या गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते. आपलं लेकरू कुठं घालायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या शाळेत आपण मूल घालत नाही त्या शाळेच्या पालकांचं प्रतिनिधी कसं होता येईल?

रात्री झोप लागली नाही. सकाळी तालुक्याला गेले, ई-सेवा केंद्रातून कायद्याची पानं छापून घेतली आणि एसटीत बसून वाचली. तोवर मला वाटायचं, की ही समिती म्हणजे पंधरा ऑगस्टला खुर्चीवर बसणारी माणसं. त्या पानांनी माझा समज मोडला. आपल्या वाचकांपैकी अनेकांना ही माहिती नसेल म्हणून लिहिते. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळा सोडून बाकीच्या शाळांना अशी समिती करावीच लागते, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिकेच्या शाळांना आणि अनुदानित शाळांनाही. तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. निम्म्या बायका. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्याने जून 2010 मध्ये शासन निर्णय काढला. त्यात समिती किमान बारा जणांची, म्हणजे नऊ पालक. ते पालकसभेतून निवडायचे आणि प्रत्येक इयत्तेला प्रतिनिधित्व द्यायचं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक सदस्य सचिव. महिन्याला बैठक.

आणि कामं काय, तर शाळा कशी चालते त्यावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठं खर्च होतं ते बघायचं. आमच्यासारख्या 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 25 हजारांपर्यंत अनुदान असतं आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीने चालतं. म्हणजे ज्या माणसाची सही लागते तो माणूस आपण आदल्या रात्री ओसरीवर ठरवत होतो!

पण मला थांबवलं ते कलम 2 ने. त्यात शब्दांचे अर्थ दिलेत. आई-बाप म्हणजे कोण ते दिलं आहे आणि पालक म्हणजे कोण तेही. ज्या व्यक्तीकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे ती व्यक्ती पालक. मी ती ओळ बसमध्ये चार वेळा वाचली. आई-बाप सहा महिने फडात असताना लेकराला न्हाऊ घालून, भाकर बांधून, शाळेच्या फाटकापर्यंत सोडणारी आजी कायद्याने पालक आहे. मला शिकवणारी माझी आजी पालक होती. तिला आयुष्यात कुणी शाळेच्या सभेला बोलावलं नाही.

त्या दुपारी मी मुख्याध्यापकांना भेटले. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे स्पष्ट लिहिते. त्यांच्यामागे ऑनलाइन माहित्या, प्रशिक्षणं, पोषण आहाराचे हिशेब एवढं लागलेलं असतं, की गावाने यादी दिली तर त्यांना हायसंच वाटतं. ते म्हणाले, "ताई, गावाचं ठरलंय. मी कशाला मध्ये पडू?" मी म्हणाले, "सर, मला तिसरीच्या पालकांतून उभं राहायचंय. आणि ज्यांचं मूल पटावर नाही त्यांचं नाव कसं चालतं, ते मला लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं नाही. सभा मात्र आठ दिवस पुढे ढकलली आणि आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांना विचारलं. केंद्रप्रमुखांनी सांगितलं, ज्याचं मूल पटावर त्यालाच घ्या आणि दोन नावं आली तर मतदान घ्या. अध्यक्षपदासाठी ठरलेले भाऊ त्याच दिवशी बाजूला झाले. रागावून झाले, पण झाले.

ते आठ दिवस मी मशीन बंद ठेवलं. लग्नसराईचे ब्लाऊज पडून होते. मी तिसरीतल्या प्रत्येक घरी गेले. आजींकडे गेले की पहिलं उत्तर ठरलेलं, "मला काय कळतंय शाळंतलं?" मग मी विचारायची, नातवाला शाळेतला भात पुरतो का? पोरगी शाळेतून येताना पळत का येते? या दुसऱ्या प्रश्नावर मला जे ऐकायला मिळालं ते मी स्वतः आई असून मला माहीत नव्हतं. मुलींच्या मुतारीला दार नव्हतं. होतं, पण पावसाळ्यात बिजागरी सडून पडलं होतं आणि भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पोरी दिवसभर पाणी पीत नव्हत्या. माझी मुलगीसुद्धा भरलेली बाटली परत आणायची आणि मी तिला त्याबद्दल रागवत होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

माझ्यासमोर कोण उभं राहिलं ते सांगते. तिसरीतल्याच एका मुलाचे वडील, आमच्या शेजारच्या गल्लीतले. भला माणूस आहे. भाऊ बाजूला झाल्यावर गावाने त्यांना उभं केलं. निवडून आलो तर अध्यक्ष होणार हेही ठरलेलं. मी घरोघरी फिरते म्हटल्यावर त्यांनाही फिरावं लागलं. तेही त्याच उंबऱ्यांवर गेले, त्याच आज्यांसमोर बसले आणि त्यांनाही मुतारीच्या दाराचं ऐकावं लागलं. पहिल्या यादीत ते बिनविरोध आले असते तर हे दार त्यांच्या कानावर कधीच पडलं नसतं. पुरुषमाणूस, त्यांना कोण सांगणार?

सभेच्या दिवशी अडचण आली ती मतदानाची. हात वर करून घ्या असं गावातली मंडळी म्हणत होती. मी म्हणाले, हात वर केला की उद्या दुकानात उधारी बंद होते, ते नको. चिठ्ठ्या लिहायच्या तर आठातल्या सात आज्यांना लिहिता येत नव्हतं. तेव्हा आमच्या शाळेतल्या तरुण बाईंनी तोड काढली. त्यांनी खडूचे तुकडे केले, अर्धे पांढरे, अर्धे गुलाबी. पांढरा म्हणजे ते, गुलाबी म्हणजे मी. प्रत्येकाच्या हातात एक पांढरा आणि एक गुलाबी तुकडा द्यायचा. एकेकाने रिकाम्या वर्गात एकट्याने जायचं, ज्याला निवडायचं त्याचा खडू टेबलावरच्या डब्यात टाकायचा, दुसरा शेजारच्या कापडी पिशवीत. दोन्ही तुकडे हाताळल्याने दोन्ही रंग बोटांना लागायचे, म्हणजे बाहेर आल्यावर बोटं बघून कुणाला काही कळणार नाही.

वस्तीवरची एक आजी सगळ्यात शेवटी गेली. तिचा मुलगा आणि सून तेव्हा साताऱ्याकडे होते. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. बाई दारापर्यंत जाऊन हळूच म्हणाल्या, "आजी, झालं का?" आतून आवाज आला, "थांब की गं, इचार करू दी." सगळे गप्प झाले. मग ती आली, पदराला दोन्ही हात पुसत. मी मशीनवर बसते तेव्हा कधी कधी तिचं ते वाक्य आठवतं. गावात आजवर एवढ्या निवडणुका झाल्या, तिने प्रत्येक वेळी सांगतील तिथं बटण दाबलं. त्या दिवशी तिला विचार करायला वेळ हवा होता आणि तो तिने मागून घेतला.

पंधरा मतं पडली. सात घरचे आई-बाप आणि आठ आज्या. डबा फळ्याखाली ओतला. पांढरे नऊ, गुलाबी सहा. मी हरले.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "मम्मी, मग आता दार?" मला उत्तर देता आलं नाही.

पण तुम्हाला खरं सांगते, त्या वर्षी जानेवारी सरायच्या आत दार बसलं. लोखंडी, आतून कडी असलेलं. निवडून आलेल्या त्या शेजाऱ्यांनी दुसऱ्याच बैठकीत ठराव घेतला, अनुदानातल्या स्वच्छतेच्या पैशांतून खर्च दाखवला आणि पावती शाळेच्या फलकावर लावली. मी त्यांना रस्त्यात थांबवून धन्यवाद दिले. ते म्हणाले, "ताई, नऊ घरांना शब्द दिला होता. आणि तुमची सहा घरं बघत होतीच की." मी निवडणुकीला उभी राहिले त्याचं फळ मला त्या वाक्यात मिळालं. ते जिंकले आणि त्यांनी काम केलं, याचा मला मनापासून आनंद आहे. बिनविरोध आले असते तर हाच भला माणूस दोन वर्षं फक्त सही करत राहिला असता, असं मला वाटतं, कारण आधीच्या समितीतही भली माणसं होती आणि त्यांनी तेच केलं.

आणखी एक गोष्ट घडली. दुसरीच्या वर्गातून एकच नाव पुढे आलं होतं. आज्या पालक आहेत हे एकदा मान्य झाल्यावर वस्तीवरच्या दुसऱ्या एका आजीने उभं राहून सांगितलं, "मी बी ऱ्हाते हुभी." तिथंही खडू वाटले गेले आणि ती आजी निवडून आली. सत्तरीच्या पुढची, अंगठा लावणारी. समितीत ती काय करणार, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. तिने काय केलं ते ऐका.

ती दुपारच्या सुट्टीत शाळेत जाऊन बसायला लागली. कनवटीला चिंचोके. पंगत बसली की एका पोरामागे एक चिंचोका ती या हातातून त्या हातात घ्यायची. मग ते चिंचोके बाईंपुढे ओतायची आणि म्हणायची, "मोज आन् लिव." पहिल्या दिवशी चिंचोके 41 भरले. नोंदवहीत 68 लिहिलेले होते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ धरतात. 27 मुलांचे झाले दोन किलो सातशे ग्रॅम, एका दिवसाचे. ही मुद्दाम केलेली लबाडी होती की पटावरचा आकडा तसाच उतरवायची सवय, हे मला सांगता येणार नाही आणि कुणावर आळही घ्यायचा नाही. आजीनेही भांडण केलं नाही. तिने फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचोके नेले. आठवडाभरात वहीतला आकडा आणि चिंचोके जुळायला लागले. पुढे तर स्वयंपाकीण मावशीच तांदूळ मोजण्याआधी तिची वाट बघायची.

शिकलेल्या माणसांनाच समितीत घ्या असं जे म्हणतात त्यांना मी ही आजी दाखवते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले त्याकडे येते. आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या पाथर्डीसारख्या तालुक्यांत हजारो कुटुंबं सहा महिने बाहेर असतात. मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं असतात आणि ती चालवायची जबाबदारी शाळेच्या याच समितीवर असते. मुलांचा सर्वे आणि मागणीचा ठराव लोक गावात असताना झाला पाहिजे. समितीच नोव्हेंबरात बसली तर ठराव कुणी करायचा? आमच्या वर्गातली ती तीन मुलं आई-बापांबरोबर गेली त्या वर्षी गावात वसतिगृह वेळेवर सुरू झालं नव्हतं. त्यातला एक मुलगा पाडव्यानंतर परत आला तेव्हा माझ्या मुलीशेजारी बसायचा. ती सांगायची, त्याला आता वाचायला लावलं की तो रडतो. मला त्याच्या जागी मीच दिसते, हातच्याची वजाबाकी न येणारी. एवढ्या वर्षांनंतर तेच मूल त्याच मागच्या ओळीत का बसावं?

म्हणून गटशिक्षणाधिकारी साहेबांना आणि जिल्हा परिषदेला माझी कळकळीची विनंती आहे, की ज्या गावांतून ऊसतोडीला माणसं जातात तिथं समितीची निवड पोळ्याच्या आत झालीच पाहिजे. सभा संध्याकाळी घ्या, कारण दिवसा माणूस रोजगारावर असतो आणि रोज बुडवून सभेला येणं त्याला परवडत नाही. सूचना वहीत फिरवू नका, दवंडी द्या, मंदिराच्या भोंग्यावर सांगा, पालकांच्या ग्रुपवर टाका. सभेत आजी-आजोबांना, चुलत्या-मावशांना, ज्यांच्याकडे मूल राहतं त्या प्रत्येकाला पालक म्हणून नाव लिहून बसवा. एका जागेला दोन नावं आली तर गुप्त मतदान घ्या. त्याला ना यंत्र लागतं ना खर्च, खडू प्रत्येक शाळेत असतात. आणि बायकांच्या सह्या त्यांच्यासमोर घ्या. नवऱ्याने सही केली तर ती बाई हजर नव्हती असंच सभेच्या प्रोसिडिंग वहीत लिहा.

शिक्षकांनाही सांगायचं आहे. पालक विचारायला आला की तो तक्रार करायलाच आला असं धरू नका. आमच्या बाईंनी खडू तोडून दिले नसते तर आमच्याकडे काहीच झालं नसतं. ज्या शाळेत पालक भांडून समितीत येतात त्या शाळेच्या शिक्षकामागे वरच्या कार्यालयात बोलायला माणसं उभी असतात. आमच्याकडे गेल्या वर्षी एका शिक्षकाची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. 61 ते 90 पटाला तीन शिक्षक हवेत हे कायद्यातलं पान घेऊन तालुक्याला कोण गेलं? समितीचे अध्यक्ष, ती आजी आणि मी. मी सदस्य नव्हते तरी मला घेऊन गेले. शिक्षक मिळायला वेळ लागला, पण मिळाला.

आणि बायांनो, तुम्हाला. तुमचं नाव कुठल्या यादीत आहे ते आज विचारा. तुमच्या नावावर कुणी सही केली असेल तर ती वही मागून बघा. उभं राहायला भीती वाटते हे मला माहीत आहे, माझेही पाय कापत होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हरलीस तर गावात तोंड कसं दाखवशील?" मी हरले आणि दुसऱ्या दिवशी मुलीला सोडायला शाळेत गेले, तेव्हा तीन आज्या फाटकापाशी थांबून माझ्याशी बोलल्या. त्याआधी आमची नुसती ओळख होती.

आमच्या समितीची मुदत आता संपत आली आहे. माझी मुलगी पुढच्या शाळेत गेली, पण धाकटा मुलगा यंदा दुसरीत आहे, म्हणजे मी अजून पटावरच्या मुलाची आई आहे. पोळ्याच्या आत पालकसभा घ्यावी असा अर्ज मी आणि 22 पालकांनी सह्या-अंगठ्यांनिशी दिला आहे, त्याची पोच घेतली आहे. दुसरीच्या वर्गातून मी पुन्हा उभी राहते आहे. माझ्यासमोर कोण उभं राहणार ते अजून कळलेलं नाही. कुणीतरी उभं राहावं असं मी स्वतः चार घरी जाऊन सांगितलं आहे.

आपली नम्र,
एक पालक, जिल्हा बीड
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, कृपया छापू नये.)